हाडांना विचारलेला प्रश्न : प्राचीन प्रथिने आणि माणसाचा भूतकाळ

पुरातत्त्वाचे बहुतेक प्रश्न मुळात फार साधे असतात. हे हाड कोणाचे? माणसाचे की जनावराचे? माणसाचे असेल तर स्त्रीचे की पुरुषाचे? ही माणसे काय खात होती, कोणाचे दूध पीत होती? प्रश्न साधे असले तरी त्यांची उत्तरे मिळणे मात्र कठीण असते. उत्खननात सापडणारी बहुसंख्य हाडे मोडलेली, चुरा झालेली, उन्हापावसाने झिजलेली असतात. त्यांच्या आकारावरून तज्ज्ञालाही काही सांगता येत नाही. अशा तुकड्यांवर ‘अनिश्चित’ अशी चिठ्ठी लावून ते पिशवीत घालायचे आणि संग्रहालयाच्या तळघरात ठेवून द्यायचे, ही जगभरची रीत होती. जेथे पुरावा अपुरा पडतो तेथे बहुतेक वेळा समजूत पुढे होते. थडग्यात शस्त्र सापडले म्हणजे तो पुरुष असणार. थडगे श्रीमंती असले म्हणजे तो कोणी सरदार असणार, असे ठरून जाते आणि पुढे तेच पाठ्यपुस्तकात उतरते.

गेल्या वीसेक वर्षांत या परिस्थितीत बदल घडवून आणणारी एक ज्ञानशाखा आकाराला आली आहे. ती म्हणजे प्राचीन प्रथिनांचा अभ्यास. हाडांत, दातांत, कातड्यात, मातीच्या भांड्याला चिकटलेल्या खरवडीत हजारो, प्रसंगी लाखो वर्षे टिकून राहिलेली प्रथिने वेगळी काढून वाचायची आणि त्यांच्याकडून या साध्या प्रश्नांची उत्तरे मिळवायची, असे या शास्त्राचे स्वरूप आहे. ते कसे चालते, त्याने आजवर काय साधले आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

डीएनए असताना प्रथिने कशाला?

वाचकांच्या मनात प्रथम हाच प्रश्न येईल. प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने मानवी इतिहासाचे चित्र पालटून टाकले, हे खरे आहे. त्या कार्यासाठी स्वान्ते पाबो यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु डीएनए हा नाजूक धागा आहे. थंड, कोरड्या प्रदेशात तो दीर्घकाळ तग धरतो. सायबेरियाच्या गोठलेल्या भूमीतील मॅमथच्या दातांतून दहा लाख वर्षांहून जुना डीएनए मिळालेला आहे. उष्ण आणि दमट प्रदेशात मात्र तो झपाट्याने तुटत जातो. आपल्या देशाचेच उदाहरण पाहावे. हरियाणातील राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळावरील अवशेषांचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. त्यासाठी ६१ सांगाड्यांचे नमुने तपासले गेले आणि उपयोगी पडेल इतका डीएनए केवळ एका स्त्रीच्या अवशेषांतून मिळाला. त्या स्थळाचे वय साडेचार हजार वर्षांच्या आसपास आहे. मग लाखो वर्षांपूर्वीच्या हाडांकडून काय अपेक्षा करावी?

येथे प्रथिने उपयोगी पडतात. डीएनए ही शरीराची लिखित सूचना मानली, तर प्रथिन हे त्या सूचनेबरहुकूम बांधलेले प्रत्यक्ष बांधकाम होय. अमिनो आम्ल नावाचे लहान घटक एकापुढे एक जोडले जाऊन प्रथिन तयार होते. आपल्या शरीरात अशा घटकांचे वीस मुख्य प्रकार आहेत आणि त्यांचा क्रम डीएनएने ठरवून दिलेला असतो. त्यामुळे प्रथिनातील क्रम वाचला म्हणजे त्यामागच्या डीएनएचा काही भाग अप्रत्यक्षपणे वाचल्यासारखे होते.

हाडातील प्रथिनांपैकी सुमारे नव्वद टक्के वाटा कोलॅजेन या एकट्या प्रथिनाचा असतो. तीन साखळ्या दोरखंडासारख्या एकमेकींभोवती पिळून त्याची रचना झालेली असते आणि हाडातील खनिज त्याला सर्व बाजूंनी आवळून धरते. बाहेरचे पाणी आणि जिवाणू त्याच्यापर्यंत सहज पोहोचत नाहीत. दातावरचे चकचकीत कवच, म्हणजे दंतवल्क, तर शरीरातील सर्वांत कठीण ऊतक आहे. त्यात प्रथिनांचे प्रमाण अत्यल्प असते, पण जे असते ते जणू कुलूपबंद असते. चीनच्या दक्षिणेकडील ग्वांगशी प्रांतातील एका गुहेत जायगँटोपिथेकस या अतिविशाल वानराचा सुमारे १९ लाख वर्षांपूर्वीचा दात सापडला. तो प्रदेश उष्ण, दमट. डीएनए टिकण्याची आशा नव्हती. तरीही २०१९ साली त्या दाताच्या दंतवल्कातील प्रथिने वाचता आली आणि हा प्राणी आजच्या ओरांगउटानचा दूरचा आप्त असल्याचे सिद्ध झाले. उष्ण कटिबंधातील अभ्यासकांना या निष्कर्षाने मोठा धीर दिला.

माळ तोडायची आणि तुकडे तोलायचे

प्रथिन वाचण्याची पद्धत समजण्यासाठी रंगीबेरंगी मण्यांच्या एका लांब माळेची कल्पना करावी. प्रत्येक रंगाच्या मण्याचे वजन वेगळे आहे. आता एक नियम ठरवू : माळेत जेथे लाल किंवा निळा मणी येईल, त्याच्या लगेच पुढे दोरा कापायचा. माळेचे लहानमोठे तुकडे होतील. प्रत्येक तुकडा अचूक तोलून वजनांची यादी केली, की ती यादी त्या माळेची खूण ठरेल. दुसऱ्या माळेत एखादाच मणी वेगळा असला, तरी एखाद्या तुकड्याचे वजन बदलेल आणि दोन माळा वेगळ्या आहेत हे न पाहताही कळेल.

प्रयोगशाळेत नेमके हेच घडते. हाडाचा काही मिलिग्रॅम इतका अंश घेतात आणि त्यातील कोलॅजेन विरघळवून बाहेर काढतात. मग ट्रिप्सिन हे पाचक विकर त्यात मिसळतात. हे विकर लायसिन आणि आर्जिनिन या दोनच अमिनो आम्लांपाशी साखळी कापते. माळेतील लाल आणि निळा मणी ते हेच. त्यानंतर मास स्पेक्ट्रोमीटर या अतिसूक्ष्म तराजूवर तुकड्यांची वजने मोजली जातात. गायीचे कोलॅजेन, घोड्याचे कोलॅजेन, माणसाचे कोलॅजेन यांची वजनांची यादी निरनिराळी असते. इंग्लंडमधील मायकेल बकली, मॅथ्यू कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ही पद्धत पुरातत्त्वासाठी मांडली. ती तुलनेने स्वस्त आणि जलद असल्याने शेकडो हाडे एका दमात तपासता येतात. ज्यांना अधिक खोलात जायचे असते ते याच्या पुढची पायरी गाठतात : प्रत्येक तुकडा आणखी फोडून त्यातील अमिनो आम्लांचा प्रत्यक्ष क्रम वाचतात.

मेंढी आणि शेळी यांचे उदाहरण आपल्याला जवळचे वाटेल. जिवंतपणी त्यांना ओळखण्यात लहान मूलही चुकणार नाही; पण हाडांचे तुकडे समोर आले की भल्याभल्या तज्ज्ञांना फरक करता येत नाही आणि अहवालात ‘मेंढी किंवा शेळी’ असा एकत्र उल्लेख करावा लागतो. एखाद्या जुन्या वस्तीतील लोक लोकरीसाठी मेंढ्या राखत होते की झुडपाळ माळरानावर शेळ्या, हा त्या वस्तीच्या जगण्याचाच प्रश्न असतो. कोलॅजेनमधील एका लहानशा फरकाने तो सुटू शकतो.

या पद्धतीचे सर्वांत गाजलेले फळ सायबेरियातील अल्ताई पर्वतातल्या डेनिसोव्हा गुहेत मिळाले. तेथील दोन हजारांहून अधिक अनोळखी हाडांच्या चुऱ्यातून कोलॅजेनच्या साह्याने मानवकुळातील हाड शोधण्याचा खटाटोप झाला. त्यातून सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीचा एकच तुकडा हाती लागला. २०१६ साली ही ओळख पटली. त्या तुकड्यात सुदैवाने डीएनएही शिल्लक होता. तो वाचल्यावर २०१८ साली जे जाहीर झाले त्याने जग चकित झाले : तो तुकडा सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीच्या, तेरा वर्षांच्या आसपास वय असलेल्या एका मुलीचा होता. तिची आई निअँडरथल आणि पिता डेनिसोव्हन होता. दोन भिन्न मानवसमूहांच्या थेट संकरातून जन्मलेली व्यक्ती प्रथमच सापडली होती. जुन्या रीतीप्रमाणे त्या तुकड्यावर ‘अनिश्चित’ची चिठ्ठी कायम राहिली असती, तर ती मुलगी आजही पिशवीतच असती.

एका भिक्खूच्या हाती आलेला जबडा

वर उल्लेख आलेले डेनिसोव्हन कोण, हे येथे सांगितले पाहिजे. २००८ साली डेनिसोव्हा गुहेत बोटाचे एक इवलेसे हाड मिळाले. त्यातील डीएनए २०१० साली वाचला गेला, तेव्हा तो आजच्या माणसाशीही जुळेना आणि निअँडरथलशीही जुळेना. मानवाची एक संपूर्ण शाखा अशा रीतीने उजेडात आली आणि तिला गुहेचेच नाव मिळाले. डीएनए हाती होता, पण चेहरा ठाऊक नव्हता. कारण हाडे म्हणावीत तर बोटाचा तुकडा आणि काही दात, एवढेच होते.

यात आणखी एक कोडे होते. आजच्या तिबेटी लोकांना विरळ हवेत राहण्यास मदत करणारा जनुकाचा एक प्रकार डेनिसोव्हनांकडून आलेला आहे, असे २०१४ साली दिसून आले. डेनिसोव्हा गुहा तर समुद्रसपाटीपासून जेमतेम ७०० मीटर उंचीवर आहे. तेथे राहणाऱ्यांना विरळ हवेला तोंड देण्याचे कारणच काय?

उत्तर फार पूर्वीच सापडून ठेवलेले होते. ते वाचण्याचे साधन तेवढे नव्हते. १९८० साली तिबेटच्या पठाराच्या ईशान्य टोकाला, चीनच्या गान्सू प्रांतातील शियाहे परगण्यात, एक बौद्ध भिक्खू बैशिया नावाच्या गुहेत उपासनेसाठी गेले होते. तेथे त्यांना जबड्याचा अर्धा भाग मिळाला. दोन दाढा त्यात अजून घट्ट बसलेल्या होत्या. हे हाड सामान्य नाही, एवढे त्यांनी ओळखले आणि ते सहावे गुंगथांग या श्रेष्ठ धर्मगुरूंच्या स्वाधीन केले. धर्मगुरूंनी ते लांझोउ विद्यापीठाकडे सोपवले. तेथे ते अनेक वर्षे सांभाळले गेले. ते माणसासारखे होते, पण पूर्णपणे आजच्या माणसासारखे नव्हते. यापलीकडे ठामपणे काही सांगता येत नव्हते.

पुढे त्याची तपासणी झाली, तेव्हा डीएनए अजिबात मिळाला नाही. दाढेच्या आतील भागातून काढलेले कोलॅजेन मात्र शिल्लक होते. त्यातील अमिनो आम्लांचा क्रम वाचून तो डेनिसोव्हन, निअँडरथल आणि आधुनिक मानव यांच्या क्रमांशी ताडून पाहिला असता तो डेनिसोव्हनांच्या सर्वांत जवळचा निघाला. हाडावर जमलेल्या खनिजाच्या थरातील युरेनियमच्या मोजणीवरून त्याचे वय किमान १ लाख ६० हजार वर्षे ठरले. २०१९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बैशिया गुहा ३,२८० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेचे कोडे सुटण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली : डेनिसोव्हन लोक खरोखरच त्या उंचीवर, कडाक्याच्या थंडीत वस्ती करून होते.

तरीही ही ओळख प्रथिनातील अगदी मोजक्या फरकांवर उभी होती आणि काही अभ्यासकांनी सावधगिरीचा सूर लावला. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच होते. मग पुढचा पुरावा शोधण्यात आला. २०२० साली त्याच गुहेच्या तळातील मातीत डेनिसोव्हनांचा डीएनए आढळला. २०२४ साली तेथील अडीच हजारांहून अधिक हाडे कोलॅजेनच्या पद्धतीने तपासली गेली. त्यातून गुहेतील माणसे भरल जातीच्या रानमेंढ्या, रानयाक, लोकरी गेंडा इत्यादी प्राण्यांवर उपजीविका करीत होती हे दिसले. आणि त्याच हाडांत एक मानवी बरगडीही सापडली. तिच्यातील प्रथिने डेनिसोव्हनांशी जुळली. ती सुमारे ४८ ते ३२ हजार वर्षांपूर्वीची आहे. एका जबड्यावर टेकलेला तर्क अशा रीतीने तीन वेगवेगळ्या पुराव्यांवर उभा राहिला.

पाठोपाठ २०२५ साली आणखी दोन हाडांना नाव मिळाले. पहिले हाड म्हणजे तैवानजवळच्या समुद्रतळातून मच्छीमारांच्या जाळ्यात आलेला, पुढे जुन्या वस्तूंच्या दुकानात विकला गेलेला जबडा. त्यातील प्रथिनांवरून तो डेनिसोव्हन पुरुषाचा असल्याचे ठरले. दुसरी म्हणजे चीनमधील हार्बिन शहराची कवटी. ती सापडणाऱ्या माणसाच्या कुटुंबाने सांगितल्यानुसार, १९३३ साली पुलाच्या बांधकामावर ती मिळाली. जपानी अंमलाचा तो काळ असल्याने त्या माणसाने ती एका पडक्या विहिरीत दडवून ठेवली आणि मृत्यूपूर्वी नातवंडांना सांगितली. २०१८ साली ती संग्रहालयात पोहोचली. किमान १ लाख ४६ हजार वर्षे वयाच्या या कवटीतील प्रथिनांनी आणि दातावरील कीटणातून मिळालेल्या डीएनएने ती डेनिसोव्हन असल्याचे दाखवून दिले. बोटाच्या हाडापासून निघालेल्या मानवशाखेला पहिल्यांदाच चेहरा लाभला. भिक्खू, मच्छीमार, पुलावरचा कामकरी. यांपैकी कोणीही शास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी हाड फेकून दिले नाही, एवढ्यामुळेच पुढचे सारे शक्य झाले.

दाताची साक्ष

वंश ओळखण्याइतकेच महत्त्वाचे काम प्रथिने दुसऱ्या एका क्षेत्रात करीत आहेत. दंतवल्क घडताना अमेलोजेनिन नावाचे प्रथिन तयार होते. त्याचे जनुक एक्स आणि वाय या दोन्ही लिंगसूत्रांवर असते आणि दोन्हींपासून बनणाऱ्या प्रथिनांत थोडा फरक असतो. दातात वाय प्रकारचे प्रथिन सापडले, की ती व्यक्ती पुरुष होती हे कळते. दाताचा पृष्ठभाग आम्लाने किंचित धुऊनही ही तपासणी करता येते.

स्पेनच्या दक्षिणेस सेव्हिल शहराजवळ बालेन्सिना येथे २००८ साली सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे एक थडगे उघडले. त्या काळात सामूहिक दफनाची प्रथा असताना ही व्यक्ती एकटी पुरलेली होती. सोबत आफ्रिकी हत्तीचा अखंड सुळा आणि इतर मौल्यवान वस्तू होत्या. त्या परिसरातील आपल्या काळची ही सर्वांत प्रतिष्ठित व्यक्ती असावी, यात शंका नव्हती. सांगाड्याची स्थिती खराब असल्याने अभ्यासकांनी तिला तरुण पुरुष मानले आणि तिचे नाव ‘हस्तिदंती पुरुष’ असे पडले. २०२३ साली दातांतील अमेलोजेनिन तपासले गेले, तेव्हा ती स्त्री असल्याचे निष्पन्न झाले. आज तिला ‘हस्तिदंती स्त्री’ म्हणतात. पेरूच्या डोंगराळ भागात शिकारीच्या हत्यारांसह पुरलेली, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची एक तरुण व्यक्ती स्त्रीच होती, हेही २०२० साली दंतवल्कातील प्रथिनांच्या आधारे सांगितले गेले.

या दोन उदाहरणांवरून त्या काळी सर्वत्र स्त्रियांची सत्ता होती असे म्हणता येणार नाही. परंतु ‘मान मोठा, म्हणून पुरुष, शस्त्र हाती, म्हणून पुरुष’ ही गृहीतके पुराव्यातून आलेली नव्हती, आपल्या आजच्या समाजव्यवस्थेतून ती भूतकाळावर लादली गेली होती, हे मात्र उघड झाले. विषमता सनातन आहे, निसर्गानेच ठरवून दिलेली आहे, असे जेव्हा जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ‘पुरावा काय?’ असे विचारण्याचे एक नवे साधन आपल्या हाती आले आहे.

दातावरचे कीटणही बोलके असते. हयातभर साचत जाऊन दगडासारखे घट्ट झालेल्या या थरात अन्नाचे कण अडकून राहतात. दुधातील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन त्यात शतकानुशतके टिकते. मानवी दुधात ते नसते. म्हणून ते सापडले की जनावराचे दूध आहारात होते हे निश्चित होते, आणि गाय, मेंढी, शेळी यांच्यातला फरकही पुष्कळदा कळतो. या मार्गाने मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात पाच हजार वर्षांपूर्वीही माणसे दूधदुभते वापरीत होती, हे दाखवता आले आहे.

मर्यादांचे भान

कोणत्याही साधनाचे मोल त्याच्या मर्यादा ओळखल्यानेच कळते. पहिली मर्यादा अशी की प्रथिने फार सावकाश बदलतात. त्यामुळे दोन जवळच्या जातींतील फरक त्यांत दिसेलच असे नाही. वजनांच्या साध्या यादीवरून गाय आणि गवा-बायसन कुळातील प्राणी वेगळे करणे अवघड जाते. माणूस, निअँडरथल आणि डेनिसोव्हन यांचे कोलॅजेनही जवळजवळ एकसारखे असते. म्हणूनच त्यांना वेगळे करण्यासाठी संपूर्ण क्रम वाचावा लागतो. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. लाखो वर्षांपूर्वी विभक्त झालेल्या मानवशाखांच्या हाडांत जेथे एखाददुसऱ्या अमिनो आम्लाचा फरक शोधावा लागतो, तेथे आजच्या माणसामाणसांतील जात, कुळ वा उच्चनीचता हाडाच्या कोलॅजेनमध्ये शोधू पाहणे व्यर्थ होय. प्राचीन हाडांच्या नावावर कोणी वंशश्रेष्ठत्वाचे दावे मांडू लागला, तर हे शास्त्र त्याला आधार देत नाही.

दुसरी मर्यादा भेसळीची. हाताळणाऱ्याच्या त्वचेतील आणि केसांतील केराटिन, लोकरी कपड्यांचे तंतू, जुनी हाडे चिकटवण्यासाठी वापरलेला प्राणिजन्य सरस, हे सर्व प्रथिनेच आहेत. ती नमुन्यात मिसळली तर निष्कर्ष चुकतो. जुन्या प्रथिनांत काळाच्या ओघात काही रासायनिक बदल होतात. त्या खुणा पाहून अस्सल जुने प्रथिन आणि अलीकडची भेसळ यांचा विवेक करता येतो.

तिसरी मर्यादा नकारार्थी पुराव्याची. वाय प्रकारचे अमेलोजेनिन सापडले नाही, म्हणजे ती स्त्रीच, असे डोळे झाकून म्हणता येत नाही. ते प्रथिन नष्टही झालेले असू शकते. शिवाय काही पुरुषांत तो जनुकच नसतो. हैदराबादच्या ‘सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी’ या संस्थेतील संशोधकांनी २००२ साली भारतीय पुरुषांतील अशी काही उदाहरणे दाखवून दिली होती. भारतातील अवशेषांचा अभ्यास करणाऱ्याला ही नोंद विसरून चालणार नाही.

शेवटची मर्यादा नैतिक आहे. कितीही अल्प असला तरी नमुना नष्ट होतोच. एकमेव असलेल्या जीवाश्माचा अंश कापताना, हे आज करावे की अधिक कोमल पद्धतीची वाट पाहावी, याचा विचार करावा लागतो. आणि माणसाची हाडे म्हणजे कोणाचे तरी पूर्वज. त्यांना हात लावताना आदर हवा.

आपल्या मातीतील प्रश्न

महाराष्ट्रात या शास्त्राला विचारण्याजोगे प्रश्न आहेत. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. या लोकांनी आपली मृत बालके दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरली. ही दफने मोठ्या संख्येने सापडली आहेत. बालकांच्या सांगाड्यावरून मुलगा की मुलगी हे खात्रीने सांगता येत नाही, कारण हाडांतील ते फरक वयात आल्यावरच स्पष्ट होतात. दुधाच्या दातांचे दंतवल्क मात्र जन्माआधीच घडू लागते. त्यातील प्रथिने टिकली असतील, तर या बालकांत मुली किती आणि मुले किती, दोघांच्या दफनात काही भेद केला जात होता काय, असे प्रश्न विचारता येतील. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरात मुलीचे स्थान काय होते, याचे थेट उत्तर मिळण्याची ही वाट आहे.

मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोरा येथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना मिळालेली कवटी हाही असाच प्रश्न आहे. ती मानवाच्या कोणत्या शाखेची, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. हथनोरा कर्कवृत्ताच्या जवळ आहे, आणि ज्या फंग-हू बेटांच्या खाडीतून तैवानचा तो जबडा वर आला, त्या बेटांवरूनही कर्कवृत्तच जाते. त्या अक्षांशावर प्रथिने टिकू शकली, एवढा दिलासा तरी आपल्याला आहे. मात्र समुद्रतळ आणि नदीची वाळू यांत फरक आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांची मुळे खेड्यांत आहेत. विहीर खणताना, नदीकाठची वाळू उपसताना, जुनी पांढरी नांगरताना हाडे आणि खापरे वर येतात, हे त्यांनी पाहिलेले असेल. अशा वेळी वस्तू धुऊ नये, घासू नये, तिला सरस किंवा रंग लावू नये. शक्य तर ती हलवूच नये. जागेचे छायाचित्र घ्यावे, खोली आणि मातीचा थर टिपून ठेवावा आणि तहसील कार्यालयाला, पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या महाविद्यालयातील जाणकारांना कळवावे. शियाहेचा जबडा वाचला, पण तो गुहेत नेमका कोठे पडलेला होता याची नोंद राहिली नाही. त्यामुळे संशोधकांना पुढे त्या गुहेचा तळ नव्याने खणून थर शोधत बसावे लागले. हाडाइतकीच त्याची जागाही बोलते. दोन्ही जपले गेले, तर आज ज्या प्रश्नांना साधन नाही त्यांना उद्या मिळेल. आणि ते साधन हाती घेणारा विद्यार्थी कदाचित आपल्याच वसतिगृहातून गेलेला असेल.